नसण्याची नोकरी

पाहुणा कोट-बुटांसकट समुद्रात शिरला तेव्हा खडकामागचा माणूस तिथे नव्हता. म्हणजे होता, पण नसण्याचाच त्याला पगार मिळत होता.

हॉटेलवाले पाहुण्यांना निर्मनुष्य बेट विकत, आणि बेट निर्मनुष्य ठेवायला बरीच माणसं लागत. कुणी पहाटे उठून वाळूवरचे पायाचे ठसे झाडून काढी, कुणी झाडाआड दबा धरून बसे आणि पाहुण्याची पाठ वळली की थंड सरबत ठेवून पसार होई. खडकामागच्याकडे हा किनारा होता. नियम एकच: दिसला तो गेला. त्याची सासू म्हणायची, "जावईबापू घरीही हेच करतात. तिथे निदान पगार तरी मिळतो."

खडकाच्या फटीतून तो बघत राहिला. पोहायला आलेला माणूस आधी पाण्याला पाय लावून बघतो, किंचाळतो, मागे पळतो. हा म्हातारा मात्र ऑफिसला निघाल्यासारखा सरळ चालला होता. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. त्याने चष्मासुद्धा काढला नाही.

हा पोहायला आलेला नाही, हे खडकामागच्याने ओळखलं. पक्ष्याचा आवाज काढायची परवानगी होती, म्हणून त्याने आधी पक्ष्याचा आवाज काढला. मग जरा मोठ्या पक्ष्याचा. म्हातारा वळला नाही. तेव्हा मात्र तो नोकरी खडकामागेच ठेवून धावत सुटला आणि छातीभर पाण्यात त्याने म्हाताऱ्याचं मनगट धरलं.

"इथे कोणी नाही असं सांगितलं होतं मला," म्हातारा म्हणाला.

"कोणीच नाहीये, साहेब."

"मग माझा हात कोणी धरलाय?"

प्रशिक्षणात हा प्रश्न आला नव्हता. "तुम्ही आधी बाहेर चला," तो म्हणाला. "तुम्ही कोरडे झालात की मी लगेच नसेन."

"सोड रे बाबा. घरी नाही जमत हे. सून सारखी येऊन विचारते, बाबा, काही हवंय का, बाबा, काही हवंय का. म्हणून तर एवढ्या लांब आलो."

"मोठी लाट येतेय, साहेब. मला पोहता येत नाही."

म्हाताऱ्याने आता पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"पोहता येत नाही? अरे गाढवा, मग आलास कशाला मरायला?"

असं म्हणून त्यानेच खडकामागच्याची कॉलर धरली आणि पोटच्या पोराला फरफटत न्यावं तसं त्याला किनाऱ्यावर आणून टाकलं. दोघंही धापा टाकत वाळूत बसले. म्हातारा मोजे पिळू लागला.

"मी जाऊ का, साहेब?"

"कुठे?"

"खडकामागे."

"थांब की जरा," म्हातारा म्हणाला.

तो थांबला. तोवर झाडाआडच्याने वर कळवलंच होतं. त्यालाही पोट आहे.

संध्याकाळी मॅनेजरबाईंच्या खोलीत खडकामागचा उभा होता आणि म्हातारा टॉवेल गुंडाळून खुर्चीवर बसला होता.

"मॅडम, साहेब जीव द्यायला निघाले होते."

"साहेब म्हणतात, ते पाय धुवत होते."

"छातीपर्यंत?"

"पाहुण्याचे पाय कुठपर्यंत असतात ते पाहुणा ठरवतो," बाई म्हणाल्या. मग म्हाताऱ्याकडे वळताना त्यांच्या आवाजात साखर विरघळली. "झाल्या त्रासाबद्दल माफी असावी, सर. आणखी दोन दिवसांचा मुक्काम आमच्याकडून. याला सकाळच्या बोटीने घालवतेय. आणि मी शब्द देते, आता त्या खडकामागेसुद्धा कोणी नसेल."

"मॅडम, असं नका करू," खडकामागचा कळवळून म्हणाला. "मला काढा. पण माझ्या जागी कुणाला तरी बसवा."

"म्हणजे पुन्हा तक्रार?"

म्हातारा जमिनीकडे बघत होता. खडकामागच्याच्या नजरेला नजर देणं काही त्याला जमलं नाही.

"नक्की कोणी नसेल ना?" त्याने बाईंना विचारलं.

सकाळी बोट सुटली. बेटाला वळसा घालताना तो किनारा समोर आला. डोंगर हिरवागार, पाणी निळंशार, वाळूवर एक ठसा नाही. पाण्याच्या कडेला म्हातारा उभा होता. हॉटेलची सेवा चोख. कोट वाळवून, इस्त्री करून दिलेला होता.

"दादा, बोट वळव!"

"कुठे?" बोटवाला म्हणाला. "तिकडे कोणी नसतं."

"तो बघ ना, उभा आहे! अरे, तो आत जाणार आहे!"

बोटवाल्याने बघितलं नाही. "पाहुण्यांकडे बघायचं नसतं रे," तो हळूच म्हणाला आणि इंजिनाचा वेग वाढवला. "मला दोन पोरी आहेत."

खडकामागचा बाकावर चढला. घसा फुटेपर्यंत ओरडत तो दोन्ही हात हलवू लागला. जमेल तेवढा वेळ त्याला दिसत राहायचं होतं.

म्हाताऱ्यानेही एक हात वर केला. मग तो खाली घेतला, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि सभ्य माणसासारखा तो तिथेच थांबून राहिला, बोट दिसेनाशी व्हायची वाट बघत.