रुळाची चकाकी

ज्या लाईनवर बाबांनी गँगमन म्हणून उभा जन्म काढला, ती माझ्या लग्नाच्या वर्षी बंद पडली. एकदा ती डोळे भरून बघायची, असा त्यांचा हट्ट होता. म्हणून रविवारी दुपारी आम्ही बापलेक दोन सायकली घेऊन निघालो.

वाटेत रुळांच्या मधोमध एक झाड वाढलेलं दिसलं, मांडीपेक्षा जाड बुंध्याचं. बाबा तिथे सायकलवरून उतरले.

"रूळ बघ."

बोल्ट, पट्ट्या, सगळं गंजून गेलं होतं. रुळाचा माथा मात्र लख्ख चकाकत होता, झाडाच्या अलीकडेही आणि पलीकडेही.

"रोज गाडी गेल्याशिवाय रूळ असा घासला जात नाही," बाबा म्हणाले.

"मग काय, झाडातून जाते का गाडी?" मी हसले.

ते हसले नाहीत. त्यांनी वाकून रुळावर तळहात ठेवला, आणि लगेच माझं मनगट धरून मला खडीच्या उतारावर ओढलं.

"गाडीकडे तोंड करून उभी राहा."

काहीच आलं नाही. झाडाचं पानसुद्धा हललं नाही. बाबांची नजर मात्र डब्यामागून डबा जावा तशी हलत होती. मग ती हळूहळू मंदावली, आणि थांबली.

"गेली का?" त्यांचं मन राखायला मी विचारलं.

डब्याच्या दारात उभ्या माणसाकडे बघावं तशी त्यांनी मान वर केली. बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले.

"हिला राहू द्या," ते म्हणाले, आणि त्यांनी माझं मनगट सोडलं.