डाव्या हातावरचा डाग

कृती तीच होती, बरणी तीच होती आणि तेलही नेहमीच्याच दुकानातले होते. तरीही आईने केलेले तेल मुलीच्या अंगाला कधी झोंबले नाही आणि वडिलांनी केलेले झोंबले.

वडील रंगांच्या कारखान्यात रसायनज्ञ होते. नशिबाला बोल लावून गप्प बसणाऱ्यांपैकी ते नव्हते. बायको वारल्यावर मुलीच्या कोरड्या, खाजऱ्या कातडीसाठी झेंडूचे तेल करण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी झेंडूच्या पाकळ्या कुरकुरीत होईपर्यंत वाळवल्या, कारण ओलावा राहिला की तेल नासते. बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून तिच्यात तापमापी सोडली. उजेड लागू नये म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळला. पहिली बाटली निभावून गेली. दुसरीने मुलीची मान भाजल्यासारखी लाल झाली. आता तिसरी फडक्यातून गाळली जात होती आणि मुलगी बाह्या बोटांपर्यंत ओढून दाराशी उभी होती.

"मला नको, बाबा. आईचं असेल तर लावा."

"हे आईचंच आहे. अगदी तिच्याच पद्धतीचं."

"आईच्या तेलानं आग नाही व्हायची."

मुलीची मावशी टेबलाशी कपड्यांच्या घड्या घालत होती. "भाऊजी, तेल करताय की बॉम्ब? ताईनं जन्मात कधी तापमापी लावली नाही."

"तेच तर कोडं आहे. मग तिचं तेल दर वेळी चांगलं कसं व्हायचं?"

"दर वेळी कुठलं? कितीतरी बाटल्या तिनं मोरीत ओतल्या."

फडके पिळणारा हात थांबला. "मोरीत? कशासाठी?"

"हातावर उठायचं ना तिच्या. हिची कातडी तिच्यावरच तर गेलीय. बाजारातली फुलं, कोणी काय फवारलंय देव जाणे! आधी स्वतःच्या हाताला लावायची, दोनेक दिवस बघायची. डाग उठला की बाटली गेली मोरीत." मावशीने घडी अर्धवट सोडून वर पाहिले. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

डाग त्यांना ठाऊक होता. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढा. विरायचा आणि पुन्हा उमटायचा. "दिव्याखाली अंधार," ते चेष्टेने म्हणायचे, "लेकीसाठी तेल करतेस, जरा स्वतःच्याही हाताला लाव की." "लावते की," ती म्हणायची आणि हसायची. मग ते मलमाची नवी नळी आणून द्यायचे.

त्यांनी बाही वर सारली आणि आपला हात दिव्याखाली धरला. थिनर, आम्ल, रंग, सगळे त्या हाताने पचवले होते. मुलीची मान जाळणारी दुसरी बाटलीही याच उघड्या हातांनी गाळली होती. कातडीवर साधा लालसरपणासुद्धा आला नव्हता.

मुलगी हळूच ओट्याशी आली. "तुमच्या हातावर बघायचं का, बाबा?"

"माझ्या हाताला कळत नाही, बाळा."

तिने थोडा विचार केला. मग डावी बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात ओट्यावर उताणा ठेवला.

"मग इथे बघा. पण एवढंस्संच हं."

मावशीने तोंड फिरवले. वडिलांनी मुलीची बाही हलकेच खाली ओढली आणि बाटलीचे बूच घट्ट बसवले.

कारण सापडले होते. तेल पूर्वीही बिघडत होते; ते मुलीपर्यंत पोहोचत नव्हते, एवढेच.