शेवग्याचं सरपण

"जळतंय की झकास!" आबाजी खोकत खोकत म्हणाले. न्हाणीमागं नुसता धूर. चूल कुठं आणि आबाजी कुठं, काही दिसत नव्हतं. चुलीवरच्या हंड्यातलं पाणी मात्र जसंच्या तसं गार.

"शेवगा हाय त्यो," त्यांची बायको सारजा नाकाला पदर लावून म्हणाली. "त्याला काय जाळ धरतुया?"

"धरंल! न्हाय धरला तर बापाचं नाव लावनार न्हाय. आन् हे सरपन संपंपातूर ह्या चुलीत दुसरं लाकूड घालायचं न्हाय!"

शेवगा आबाजींनी रागात पाडला, हे साऱ्या अंथुर्णे गावाला ठाऊक होतं. नातीला, राजनंदिनीला, बघायला पाहुणे आलेले. आबाजी झाडाखाली बाजेवर बसून घराण्याची थोरवी सांगत होते. तेवढ्यात वरून दोन केसाळ अळ्या सदऱ्यात पडल्या. मग आबाजींनी पाहुण्यांपुढं जे काही केलं, त्याला नाचच म्हणतात. सोयरीक जमली म्हणा, पण पाहुणे निघताना बोलून गेले, "आजोबा लई हौशी हायती." झालं! दुसऱ्या दिवशी झाड आडवं. दुपारपर्यंत त्याचे दोन-दोन हातांचे ओंडके.

हे घर बांधलं तेव्हा सारजानं माहेराहून, नरसिंहपुराहून, फांदी आणून तो शेवगा लावला होता. माहेरचं मूळ झाड तर कधीच गेलं. आता हेही पडलं, ते तिच्या जिवाला फार लागलं. पण ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "आता टोपी कुठं आडकवनार?" खालच्या फांदीत आबाजींनीच खिळा ठोकलेला. बाहेरून आले, की टोपी त्या खिळ्याला.

तीन दिवस आबाजींनी ऐन पौषात गार पाण्यानं आंघोळ केली. ओठ जांभळे, दातांवर दात वाजतायत, आणि विचारलं की म्हणायचे, "क-कडकडीत हुतं पानी!"

चौथ्या दिवशी न्हाणीत गेले आणि ओरडलेच. पाणी खरोखर कडकडीत होतं! सारजानं पहाटेच चूल पेटवली होती. बाहेर येऊन पाहिलं, तर चुलीत लालभडक निखारे. आबाजींनी भिंतीकडं पाहिलं. रचलेल्या ओंडक्यांतला एक कमी.

"बघ! धरला का न्हाय जाळ?"

"धरला बाई," सारजा म्हणाली.

रोज पाणी तापू लागलं, दर तीन-चार दिवसांनी एक ओंडका कमी होऊ लागला. आबाजींची छाती फुगली. पारावर बसून ते सांगू लागले, "शेवगा जळत न्हाय म्हनत्यात, खुळी समदी! पेटवायला हात लागतो, हात!" गुडघ्यांमुळं घरामागच्या विहिरीपर्यंत उतरणं त्यांनी सोडलेलं. सगळा कारभार आता बाज ते पार एवढाच.

होळीच्या आधी शेजारचा सोपान खांद्यावर कुऱ्हाड टाकून आला. "आबा, तुमचं ऐकून मीबी ठरीवलं. दारचा शेवगा पाडतो आन् वर्साचं सरपन करतो."

आबाजी खूश. "पाड की! मी येतो पेटवून द्यायला."

सारजाच्या हातातलं सूप थांबलं. शेंगांनी लगडलेलं सोपानचं झाड तिला इथूनही दिसत होतं. इतके दिवस तिनं तोंड शिवून ठेवलं होतं. आता गप्प बसणं म्हणजे आणखी एक झाड जाणं.

"भावजी, कुऱ्हाड ठिवा खाली," ती म्हणाली. "आन् अवो, तुमीबी चला. माझा खांदा धरा."

हळूहळू तिघं विहिरीकडं उतरले. बांधावर ओळीनं ओंडके रोवलेले. खाली ओलं आळं, वर पोपटी फुटवे. चांगले सतरा. सोपान एकदा बांधाकडं बघे, एकदा आबाजींकडं.

"वैनी, मंग चुलीत काय जळत हुतं?"

"बाभळ," सारजा म्हणाली. "ह्ये उठायच्या आत जाळून मोकळी व्हायची."

आबाजींच्या कपाळावर घाम आला. तो पुसायला त्यांनी टोपी काढली.

सारजानं शेवटच्या ओंडक्याकडं बोट केलं. फुटव्यांच्या खाली गंजका खिळा होता.

"आडकवा टोपी," ती म्हणाली. "त्यो तुमच्यासाठी तसाच ठिवलाय."