एकशे ऐंशीचा ट्रान्सफॉर्मर

वरकुट्याजवळच्या आमच्या वस्तीवर राजवर्धननं गिटारसाठी शंभर वॉटचा व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प्लिफायर घरीच बांधायला घेतला. घोडं अडलं पॉवर ट्रान्सफॉर्मरवर. बाजारात मिळणारे सगळे दोनशे तीस व्होल्टचे, आणि उसाच्या मोटारींच्या कृपेनं आमच्याकडची लाईट बारा महिने एकशे ऐंशीच्या वर सरकत नाही. तेवढ्यावर गिटार आजाऱ्यासारखी कण्हायची.

"दोनशे तीस बारामतीकरांना लखलाभ," असं म्हणत त्यानं वाइंडिंगवाल्याकडून खास एकशे ऐंशीचा ट्रान्सफॉर्मर भरून घेतला. मग अ‍ॅम्प्लिफायर असा गरजला, की गेणबातात्यांच्या म्हशीनं पान्हा चोरला. तात्या राजाचे सख्खे चुलते, पण त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

परवा बारामतीत बँडची स्पर्धा होती. तात्यासुद्धा आले, पण लांबच्या खुर्चीत बसले. राजानं स्टेजवर प्लग लावला, पहिली तार छेडली, आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून भसाभसा धूर निघाला. लोकांना वाटलं कार्यक्रमातलाच आहे. टाळ्या पडल्या.

मी ड्रमवाला. उठून बोर्डाला मीटर लावला, तर चांगले दोनशे चाळीस व्होल्ट.

राजा डोकं धरून बसला. तात्या स्टेजवर चढले आणि जळक्या अ‍ॅम्प्लिफायरवरून हात फिरवत महिन्याभरानं पुतण्याशी बोलले.



"त्याला बोल लावू नगं, राजा. आपल्या वस्तीवर जल्मलेलं ते. एकाएकी एवढी लाईट बाधणारच की."