प्रयोगाचं पाणी

भर सकाळी, सगळ्या गावाच्या देखत, मार्तंडराव रिकामी घागर घेऊन वेशीबाहेरच्या आडावर जाऊन उभे राहिले. गावातलं माणूस त्या आडावर पाण्याला आजवर आलं नव्हतं. पाणी शेंदणाऱ्या बायकांचे हात थांबले. आपल्या हातून मोठं काम होतंय असं मार्तंडरावांना वाटत होतं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

मार्तंडराव उमरग्याच्या विकास गटाकडून तीन वर्षांपूर्वी बिऱ्हाड घेऊन गावात पाहणीला आलेले. जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेल्यापासून सरकारला कशाचेही आकडे लागत. यांच्या वाट्याला नारू आला. उन्हाळा लागला की गावात घरटी एक माणूस पाय पसरून बसे आणि पायातून निघणारा दोऱ्यासारखा किडा काडीवर गुंडाळत राही. मार्तंडरावांची सहा वर्षांची प्रेमला दोन उन्हाळे अशीच बसली होती. ती रडायला लागली की बापाला संख्याशास्त्रातलं एक अक्षर आठवत नसे.

त्यांनी घरोघर हिंडून आजारी पाय मोजले. गाव बारवेच्या पायऱ्या उतरून, पाण्यात उभं राहून घागरी भरी, आणि गाव नारूनं बेजार होतं. वेशीबाहेरच्या वस्तीला बारवेची पायरी कधी चढू-उतरू दिली नव्हती. त्या लोकांनी आपला वेगळा आड खणला होता, अरुंद आणि बिनपायऱ्यांचा. तिथं पाय बुडवायची सोयच नव्हती. त्या वस्तीत एकाही पायात नारू नव्हता. गावानं त्यांना लांब ठेवलं होतं, त्यामुळं रोगही लांबच राहिला होता.

बारवेच्या पायऱ्या बुजवा आणि वर रहाट बसवा, असं मार्तंडरावांनी जिल्ह्याच्या साहेबांना जाऊन सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही पाय मोजलेत, ती झाली पाहणी," साहेब म्हणाले. "दोन वस्त्या शेजारी ठेवल्यात, ती झाली तुलना. पण ती माणसं खातात वेगळं, राबतात वेगळं. नारू पाण्यामुळं टळला की भाकरीमुळं, हे कसं सांगणार? बारवेवरच्या निम्म्या घरांना आडाचं पाणी पाजा आणि वर्षानं सगळ्यांचे पाय बघा. त्याला प्रयोग म्हणतात. तो झाला की रहाट मंजूर."

साहेबांचं म्हणणं बिनचूक होतं. त्यांना फक्त गाव ठाऊक नव्हतं.

मार्तंडरावांनी चावडीवर लोक जमवले. नारूचा पाय पाण्यात बुडाला की त्याची पिल्लं पाण्यात उतरतात, ते पाणी पोटात गेलं की वर्षानं नवा नारू निघतो, असं फोड करून सांगितलं. कुणी कुठलं पाणी प्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवू, म्हणजे वशिलेबाजी नको, असंही सांगितलं. वस्तीतली माणसं चावडीखाली उन्हात उभी राहून ऐकत होती. पाटील कल्याणप्पांनी सुपारी गालात सरकवली.

"सायेब, नारू परवडला," ते म्हणाले. "त्यो निदान काडीवर गुंडाळून भायेर काढता येतुय. त्या आडाचं पाणी पोटात गेलं, तर ते कशावर गुंडाळायचं?"

लोक पोट धरून हसले आणि घरी गेले. चिठ्ठ्या टोपीत तशाच राहिल्या.

एका घराचा प्रयोग होत नाही, हे मार्तंडरावांना पक्कं ठाऊक होतं. पण त्या एका घरात प्रेमला होती. रात्री त्यांनी बायकोला, शामलाबाईंना, आडाचं पाणी आणायचा बेत सांगितला. शामलाबाईंनी थोडा विचार केला.

"म्हणजे सासूबाई वर्षभर तुळजापूरहून यायच्या नाहीत," त्या म्हणाल्या, आणि सकाळी आपण होऊन घागर काढून दिली.

तर अशी ती घागर आडावर आली होती. मार्तंडरावांनी साहेबांना विचारलं होतं, पाटलांना विचारलं होतं, बायकोला विचारलं होतं. ज्यांचा आड, त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. विचारायचं असतं हेच मुळी डोक्यात आलं नव्हतं.

काठावरच्या गौराबाईंनी पोहरा वर ओढला. वयानं त्या मार्तंडरावांच्या आईएवढ्या. मार्तंडरावांनी घागर पुढं केली आणि पाऊल उचललं.

"तितंच थांबा, सायेब. घागर खाली ठिवा अन् मागं सरा."

बाई गावाला भिऊन बोलतेय, असं मार्तंडरावांना वाटलं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "भिऊ नका, गौराबाई. मी शिवाशीव पाळत नाही."

"तुमी न्हाय पाळत, पर आता आमाला पाळाया पायजे," गौराबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "ती घागर रोज बारवंत बुडतीया. तुमीच चावडीवर सांगितलं, नारू पाण्यातनं येतुय म्हून. आमच्या आडात अजून न्हाय. आमचीबी लेकरं हायती."

सगळं शास्त्र मार्तंडरावांचंच होतं. त्यांनी घागर खाली ठेवली आणि मागं सरले. सगळ्या बायका बघत होत्या.

"पाण्याला न्हाय म्हणू ने," गौराबाई म्हणाल्या. "तुमच्या लेकीसाटी रोज घेऊन जावा."

त्यांनी पोहरा उंच धरला आणि भांड्याला भांडं लागू न देता वरून धार सोडली. घागर काठोकाठ भरली. मार्तंडराव ती उचलायला वाकले, तशा गौराबाईंनी हात आडवा केला.

"जरा दमा. आदी मी बाजूला व्हते, गाव बगतंय."