फर्दापूर फाट्यावरची धोबीपछाड

चापट बसली तेव्हा कडूबाचे दोन्ही हात पाठीमागे होते. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट त्याने घट्ट धरलं होतं.

फर्दापूर फाट्यावर लेणी पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या तो लावून घेतो. पांढऱ्या गाडीवाल्याला त्याने एवढंच सांगितलं होतं, की इथून बस वळते, गाडी जरा पुढे घ्या. गाडीवाला खाली उतरला. तरणा, शहरातला, डोळ्यावर काळा चष्मा. त्याने आईवरून शिवी दिली. कडूबा म्हणाला, "साहेब, बस अडकंल." त्यावर चापट.

"हात कशाला बांधलेस रे? आता बोल ना. साहेब म्हण परत."

"साहेब," कडूबा म्हणाला.

फाट्यावरचे जीपवाले हसले. आपल्या चहाच्या टपरीवरून दगडाबाई ओरडली, "आरं कडूबा, दूध-बदाम उगंच रिचवलं का रं? गालावर पाच बोटं उठली की तुझ्या!"

कडूबाचे कान आखाड्याच्या मातीत घासून घासून चपटे झालेले होते. जाणत्या माणसाने ते पाहिले असते तर उगारलेला हात खाली घेतला असता. गाडीवाल्याला त्यातलं काही कळत नव्हतं.

टपरीच्या बाकावर पुंजाराम वस्ताद बसले होते. वय त्र्याहत्तर. कडूबा त्यांचाच पठ्ठा. त्यांच्या तालमीत उतरणारा प्रत्येक जण कुस्तीच्या हौदातली माती कपाळाला लावून शब्द देतो, की हौदाबाहेर हात उचलणार नाही. ज्याने उचलला त्याने पुन्हा हौदात पाय ठेवायचा नाही. आजवर तिघांना वस्तादांनी घरी पाठवलं होतं. त्यातला एक त्यांचा सख्खा पुतण्या.

गाडीवाल्याने दुसऱ्यांदा हात उगारला. कडूबाच्या मानेची शीर ताठ झाली. ती वस्तादांना लांबूनही दिसली. ते उठले, मागून आले आणि त्याला बाजूला घ्यायला त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. नुसती हाक मारली असती तरी भागलं असतं. पण दमलेल्या, चिडलेल्या पोरांना ते चाळीस वर्षं असंच हौदातून बाहेर काढत आले होते.

खांद्यावर मागून हात आला आणि कडूबाच्या अंगाने त्याचं काम केलं. मनगट धरलं, गुडघे वाकले, कंबर आत गेली. धोबीपछाड. डोक्याला कळेपर्यंत म्हातारा त्याच्या खांद्यावरून जाऊन डांबरावर आदळला होता.

मग जीपवाल्यांतून कुणीतरी लांब शिट्टी मारली. कोण पडलं ते मागच्यांना दिसलंच नव्हतं.

"आयला, काय टाकला!"

"असा पायजे गडी!"

कडूबाने मान वर करून तिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"वस्ताद!"

वस्तादांचा उजवा हात खांद्यापासून भलतीकडे वळला होता. कडूबा गुडघ्यांवर बसला. त्याने हात पुढे केले आणि मागे घेतले. कुठे लावावेत ते त्याला कळेना.

दगडाबाई धावत आली. "आगं माय, वस्ताद व्हय ह्ये! काय केलंस रं मुडद्या?"

"त्यानं काय नाय केलं," वस्ताद दात आवळून म्हणाले. "पाय घसरला माझा."

"घसरला नाय. म्या टाकलं."

"गप."

"म्या टाकलं, वस्ताद."

गाडीवाल्याच्या तोंडाचा रंग उतरला होता. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. गाडीतून पाण्याची बाटली आणली, झाकण उघडलं आणि ती कडूबाच्या हातात दिली. "पैलवान, आधी सांगायचं ना तुम्ही. मला काय माहीत? चला, दवाखान्यात मी नेतो."

दगडाबाईने टॉवेलची झोळी करून वस्तादांचा हात गळ्यात अडकवला. मागच्या सीटवर त्यांना कलतं बसवलं आणि ती शेजारी आधाराला बसली. पुढचं दार गाडीवाल्याने स्वतः उघडून धरलं होतं. कडूबा आत बसला.

गाडी रस्त्याला लागली तेव्हा तो समोर बघूनच बोलला. "वस्ताद, उद्यापासून म्या हौदात उतरत नाय. लाज वाटती."

"कशाची?"

"तुमच्यावर हात टाकला त्याची."

"त्यो डाव म्याच घोटून घेतला तुझ्याकडून. मागनं हात आला की इचार करायचा नाय, ह्ये म्याच शिकवलं. त्याची लाज माझी. तू कशाला घेतो?"

गाडी खड्ड्यात गेली. वस्तादांनी डोळे मिटले.

"चापट खाऊन हुबा राह्यलास ना," ते म्हणाले, "तवा मला लई बरं वाटलं. म्हणलं, एक तरी गडी तयार झाला आपल्या हातनं."

कडूबाने मान खाली घातली.

"पर शिट्टी वाजली, कडू. तवा तू आधी माझ्याकडं नाय बघितलं. लोकांकडं बघितलं."

दगडाबाई खिडकीबाहेर बघू लागली. कडूबाच्या कपाळावरचा घाम गालावर उठलेल्या बोटांवरून खाली उतरत होता.

गाडीवाल्याने चोरून त्याच्याकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "पैलवान, एसी वाढवू का?"