हलकं अंथरूण

बाबांची सगळी नोकरी पार्सलं तोलण्यात गेली, त्यामुळे पायी यात्रेला निघताना त्यांनी टूथब्रशसुद्धा काट्यावर ठेवला. दुकानातली सगळ्यात हलकी स्लीपिंग बॅग आणली, वर तिची लेबलंही कात्रीने उडवली. "पाठीवर आहे असं वाटतच नाही!" म्हणत ती घेऊन घरभर फिरून झालं.

आईने मात्र आपली जाडजूड रजई बांधली.

"अगं, वसंत ऋतू आहे! आणि ते धूड मी उचलणार नाही हं, आधीच सांगतोय. जो पांघरेल, तोच वाहील."

"बरं," आई म्हणाली. तिचं 'बरं' ऐकून मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पहिला मुक्काम डोंगरावर होता. सकाळी मी काळजीने फोन केला. बाबांनी उचलला, पण धाप लागून त्यांना धड बोलताही येईना.

"रात्री थंडीनं दातखीळ बसायची वेळ आली गं. शेवटी तिची रजई मागितली. तिनं लगेच दिली, बदल्यात माझी बॅग घेतली."

"मग आता आई कुठंय?"

बाबा काही बोलायच्या आत, बरंच पुढून आईचा आवाज आला.

"अहो, चला ना लवकर! खरंच हो, पाठीवर आहे असं वाटतच नाही!"